दाजींची परखी

दाजींचं माझ्याशी शेवटचं बोलणं झालं ते परभणीच्या एका दवाखान्यात, ऑपरेशनच्या खोलीच्या दारात. ते ट्रॉलीवर आडवे होते, नाकात नळी, पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं. त्यांनी माझं मनगट धरून मला खाली वाकायला लावलं. मला वाटलं, अक्काला सांभाळ म्हणतील, लेकीकडे लक्ष ठेव म्हणतील... तर म्हणाले, "शरणूनं घातलंय मला काईतरी. ध्यानात ठिव. सोडू नको त्याला." शेजारी उभ्या असलेल्या अक्कानंही ते ऐकलं. मग दार लागलं. ऑपरेशननंतर ते यंत्राच्या श्वासावर राहिले आणि पुन्हा एक शब्द न बोलता गेले. माणसं जाताना मागे जमीन ठेवतात, सोनं ठेवतात. आमचे दाजी माझ्या नावावर एक संशय ठेवून गेले.

दाजी म्हणजे मन्मथअप्पा, माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. मूळचे वालूरचे, पण उभा जन्म मानवतच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, अडत दुकान चालवण्यात गेला. दुकानात गादीमागच्या खुंटीवर त्यांची परखी लटकलेली असायची. परखी म्हणजे टोकदार, पोकळ, पन्हळीसारखी लोखंडी नळी. पोत्यात खुपसली की आतला माल मूठभर बाहेर येतो. इतर अडते ती पोत्याच्या वरच्या अंगाला लावायचे, दाजी तळाला लावायचे. दाणे तळहातावर घेऊन वास घ्यायचे, एक दाणा दाताखाली फोडायचे आणि मगच मालकाच्या तोंडाकडे बघायचे. हाच कारभार घरीदारी. मी एसटीत कंडक्टर होतो. माझ्या गाडीत बसले तरी मी दिलेलं तिकीट उलटसुलट करून वाचायचे. माझं लग्न ठरत होतं तेव्हा तूर बघायच्या निमित्तानं मुलीच्या गावी जाऊन, पारावर बसून सगळी चौकशी करून आले आणि माझ्या वडलांना म्हणाले, "घर चांगलं हाय. वरवर न्हाई, तळातूनबी."

आम्ही त्यांची थट्टा करायचो, पण त्या संशयाला एक शेवट होता, हे मला फार उशिरा कळलं. नोकरीत माझ्यावर एकदा तिकिटांच्या अफरातफरीचा आळ आला. सख्खे लोक कुजबुजायला लागले. तेव्हा दाजी भर बैठकीत म्हणाले, "ह्याला मी लय वर्सांपासून तपासून बसलोय. हा खोटा न्हाई." एकदा परखीत माल कोरडा निघाला की त्या माणसावर ते पुन्हा जन्मात परखी लावत नसत. चौकशीत मी सुटलो, पण त्याआधीच मला सोडवलं होतं ते त्यांनी.

शरणअप्पा त्यांचा चुलतभाऊ, वालूरलाच शेती करणारा. दोघं एका ताटात जेवून वाढलेले. पण एका साली शरणअप्पानं सोयाबीन मानवतला आणलं आणि दाजींनी चार लोकांसमोर भावाच्या पोत्याला तळातून परखी लावली. तळाचा माल ओला निघाला. शरणअप्पा म्हणत राहिला की ताडपत्री फाटली होती, पाणी शिरलं, मला ठाऊक नव्हतं. दाजींनी नुसतं त्याच्या तोंडाकडे बघितलं. "भावाच्या पोत्यात परखी घातलीस दाद्या," एवढं बोलून तो माल परत घेऊन गेला आणि येणं-जाणं तुटलं. या पौषात त्यानं आपण होऊन निरोप धाडला, हुरड्याला या. दाजी गेले. अक्का सांगते, त्या दिवशी आगटीतून निघालेला हुरडा त्यांनी वास न घेता तोंडात टाकला, वर गूळ, वर दही, आणि भावाशी पोटभर बोलले. संध्याकाळी मानवतला परत आले आणि बेंबीभोवती पहिली कळ आली.

कळ यायची, माणूस दुमडून जायचा, कळ जायची, पुन्हा यायची. पोट फुगत चाललं. उलट्या आधी हिरव्या-पिवळ्या, मग अशा घाण वासाच्या की अक्काला दारं उघडावी लागली. शौच बंद, वारासुद्धा सरत नव्हता. शेजारच्यांनी बेंबी सरकली म्हणून पोट चोळणारा बोलावला. त्यानं गुडघा रोवून चोळलं. पोट साफ होत नाही म्हणून एरंडेल पाजलं, तेही बाहेर आलं. आणि दाजींचं एकच चाललेलं, "हुरड्यात काय होतं ते इचारा त्याला." दुसऱ्या दिवशी दुपारनंतर ते परभणीला माझ्याकडे आले तेव्हा जीभ लाकडासारखी कोरडी झाली होती.

दवाखान्यातल्या सर्जन बाई वयानं लहान. दाजींनी त्यांच्यावरचा पहिला संशय तिथंच घेतला. "पोरगी हाय, हिला काय कळतंय." बाईंनी पोटावर हात ठेवला, बोटांनी वाजवून बघितलं, खोकायला लावून जांघा तपासल्या, हर्निया तर नाही ना म्हणून. टीबी झाला होता का, वजन उतरलं का, शौचातून रक्त जातं का, सगळं विचारलं. मग उजव्या अंगाला खाली एक जुना व्रण होता, त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे कसलं ऑपरेशन?"

"आपरेशन कुठलं? तरणा असताना बैलानं शिंग मारलं," दाजी म्हणाले.

बाईंनी व्रणाकडे बघितलं, दाजींकडे बघितलं, मग अक्काकडे. अक्का म्हणाली, "खरंय बाई. बैलानंच." बाई म्हणाल्या, "फार सरळ शिंग होतं म्हणायचं." इतक्या वर्षांत दाजींवर कुणी परखी लावलेली मी प्रथमच बघत होतो.

उभा एक्स-रे काढला, त्यात फुगलेल्या आतड्यात पाण्याच्या रेषा पायऱ्यांसारख्या दिसत होत्या. नाकातून नळी घालून पोटातलं साचलेलं काढायला घेतलं, सलाईन लावलं, लघवीची पिशवी लावली. सीटी स्कॅन झाला. बाईंनी आम्हाला पडद्यावर दाखवलं: लहान आतडं एका जागी आवळलं गेलंय, त्याच्या वरचं सगळं फुगलेलं, खालचं रिकामं. म्हणाल्या, "कधीकधी नळी आणि सलाईनवर आतडं आपोआप मोकळं होतं. पण यांच्यात आतड्याचा रक्तपुरवठा अडकल्याच्या खुणा आहेत. थांबण्यात अर्थ नाही, पोट उघडायला लागेल."

इथं आमचं घोडं अडलं. दाजींच्या डोक्यात विषबाधा पक्की बसली होती. "आदी पोट धुवा, जे घातलंय ते काढा. कापायचं मागून बगू." अक्काही तेच धरून बसली. खरं सांगतो, माझ्याही मनात पाल चुकचुकली होती. बाई परत परत येऊन सांगत होत्या की विषानं आतडं असं एका जागी आवळत नाही. त्या जितकं समजावत तितकं आम्हाला वाटे, या काहीतरी झाकतायत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही फाटकाशी चहा घेत होतो, तेव्हा शरणअप्पा आला. धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेलं. "वैनी, दाद्याला बगू द्या. एक सांगायचं हाय मला डागदराला."

अक्का फाटकात आडवी झाली. "तुला जे सांगायचं ते पोलिसाला सांग."

"वैनी, ऐका तर..."

"आणिक काय घालायचं ऱ्हायलंय का?" अक्का म्हणाली. तो माझ्याकडे बघत उभा राहिला. मी कपातल्या चहाकडे बघत होतो. मग तो गेला. त्याच दुपारी दाजींना ताप चढला, पोट दगड झालं, न थांबणारं दुखणं सुरू झालं आणि शेवटी त्यांनी सहीला हात पुढे केला.

त्यातही एक अडलंच. आम्ही लिंगायत. गळ्यातलं इष्टलिंग देहावेगळं करायचं नाही. सिस्टरनं इष्टलिंगाच्या चांदीच्या डबीला हात घातला तर एवढा गळालेला माणूस तिचा हात झटकून म्हणाला, "ते न्हाई. ते निघालं तर मला उटवून घरी न्या." त्यांच्या डोळ्यांत तेव्हा जी भीती होती ती मरणाची नव्हती, कसली तरी जुनी होती, एवढंच मला तेव्हा कळलं. भूलतज्ज्ञ समजूतदार. त्यांनी डबी दोऱ्यासकट उजव्या दंडाला बांधून वर पट्टी गुंडाळली. मग दारातलं ते बोलणं झालं...

वालूरला समाधी दिली. शरणअप्पा बांधावर लांब उभा होता. मूठमाती द्यायला तो पुढे आला तेव्हा अक्का सगळ्यांदेखत म्हणाली, "त्याच्या हातची माती नको." त्यानं मूठ तिथंच जमिनीवर सोडली. गावाला एवढं पुरे होतं. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या घरचं पाणी लोकांना नको झालं, त्याच्या लेकीची ठरत आलेली सोयरीक लांबली. सगळे माझ्याकडे बघत होते, कारण दाजींचे शेवटचे शब्द अक्कानं घरभर सांगितले होते. पोलिसात जायचं की नाही, हे मी ठरवायचं होतं. रात्रंदिवस तेच डोक्यात. निरपराध माणसाला गुंतवलं तर? आणि खुन्याला सोडलं तर?

शेवटी मी बाईंकडे गेलो. संशय घेऊनच गेलो, की या आपली चूक झाकतील. बाईंनी माझ्यासमोर कागदावर आतडं काढलं. म्हणाल्या, "आत दोरीसारखा एक पट्टा होता, जुन्या व्रणापासून सुटून आतड्यावर आडवा गेलेला. त्याच्याखाली आतडं शिरलं, आवळलं आणि काळं पडलं. तेवढा तुकडा काढून मी दोन टोकं जोडली, पण तोवर विखार रक्तात पसरला होता."

"म्हणजे विख होतंच की," मी म्हणालो.

"बाहेरून आलेलं नव्हे, सडलेल्या आतड्याचं. पोटाचं ऑपरेशन झालं की आत असे पट्टे तयार होतात. बहुतेकांना कधी त्रास होत नाही. एखाद्याला तीस-चाळीस वर्षांनीही होतो."

"पण हुरडा खाल्ला त्याच दिवशी कसं?"

"हुरड्याऐवजी वरणभात खाल्ला असता तरी तो पट्टा तिथंच होता. आणि काका," त्या म्हणाल्या, "यांचं अपेंडिक्स जागेवर नव्हतं. बैलाचं शिंग अपेंडिक्स काढून नेत नाही."

तिथून मी तडक देवगाव फाट्याची गाडी पकडली, तिथून वालूर. शरणअप्पा ओसरीवर एकटाच बसला होता. मी विचारलं, दाजींचं ऑपरेशन कधी झालं होतं?

"आमी दोगं तरणे होतो. दाद्या पोट धरून लोळायला लागला. मीच गाडी जुपून दवाखान्यात नेला. तिथल्या बाईनं गळ्यातलं काढून ट्रेमधी ठिवलं, दाद्या बेसूद. मोठी आई, म्हंजी दाद्याची आई, आली, बगती तर गळा मोकळा! लय रडली. पोरगं बाटलं म्हणाली. घरी आल्यावर जंगम स्वामीला बोलवून गुपचूप फिरून दीक्षा दिली, अन् आमाला दोगांना इभूत उचलून शपत घ्याय लावली. आपरेशन झालंच न्हाई. बैलानं मारलं म्हणायचं. मोठी आई गेली, पण दाद्यानं शपत पाळली. मीबी पाळली."

"मग त्या दिवशी दवाखान्यात...?"

"तवाबी दाद्या असाच दुमडून पडला होता. म्हणलं, शपत मोडली तर मोडली, डागदराला सांगावं..." मला त्याच्या पायाशी बसावंसं वाटलं आणि मी बसलो.

त्यानं त्या दिवशी सांगितलं असतं तर दाजी वाचले असते का? बाईंनी त्यावर फक्त एवढं म्हटलं, वेळ महत्त्वाची असते. विषाचं खूळ गेलं असतं तर आम्ही त्या सकाळीच हो म्हटलं असतं, एवढं मला कळतं. मला दाजींचा राग येतो. उभ्या मोंढ्याची पोती तळातून तपासली आणि स्वतःचं पोट मात्र असं शिवून ठेवलं, की बायकोलासुद्धा आत बघू दिलं नाही. राग येतो आणि मग त्यांची फार आठवण येते.

अक्काला सगळं सांगितलं तेव्हा तिनं व्रणाचं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "मला बैलाचं नावसुदिक सांगितलं होतं त्येनी. ढवळ्या." आणि ती रडायला लागली. माती दिली तेव्हाही ती इतकी रडली नव्हती.

मग तिनं लेकीकरवी वालूरला निरोप धाडला. परवा शरणअप्पा मानवतला आला. नव्या ज्वारीचं पोतं दुकानाच्या पायरीवर उतरवलं आणि बाजूला उभा राहिला. मोंढ्यातली माणसं मुद्दाम रेंगाळत होती. हा ज्वारी घेऊन आलाय, आता ही बाई काय करते, हेच सगळ्यांना बघायचं होतं. मी पोतं आत घ्यायला वाकलो तर शरणअप्पा म्हणाला, "थांबा पाव्हणं. वैनी, आदी परखी लावा."

अक्का आत गेली. खुंटीवरची परखी काढली. ती कधी तिनं हातात धरली नसेल, पण बघितली होती जन्मभर. वाकून पोत्याच्या अगदी तळाला खुपसली, दाणे तळहातावर घेतले, वास घेतला, एक दाणा दाताखाली फोडला. मग शरणअप्पाच्या तोंडाकडे बघितलं.

"कोरडी हाय," सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ती म्हणाली. "घरात घ्या. अन् भावजी, जेवून जावा."

परखी पुन्हा खुंटीवर आहे. तिच्या पन्हळीत त्या ज्वारीचे दोन-चार दाणे अडकून राहिलेत. मी पुसायला गेलो, तर अक्कानं हात धरला.