पाच मीटर, न कापलेलं

आमच्या शिवणखान्यात कापड कापणाऱ्याला मास्तर म्हणतात. जुने मास्तर नजर कमी झाल्यामुळे घरी बसले आणि कापायचं टेबल एका बाईच्या हातात आलं, तेव्हा तिला काय म्हणायचं असा प्रश्न पडला. कोणीतरी गमतीनं मास्तरीण म्हणालं, ते तिला चिकटलं. खऱ्या शाळेशी तिचा संबंध सातवीपर्यंतच होता.

मी तिथं काज-बटणाला. माझं मशीन खिडकीशी, तिचं टेबल खोलीच्या मधोमध. वयानं आणि वजनानं मी सगळ्यांत मोठी, म्हणून सगळ्यांची मावशी. माझ्या जिभेला हाड नाही असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे, खोटं थोडंच आहे?

मास्तरीण आली तेव्हा अठराची होती. तयार कपड्यांचे लोंबते धागे कापायचं काम तिच्याकडे. धाग्यांवरून ती इस्त्रीवर गेली, इस्त्रीवरून शिलाईवर, पण डोळा कायम कापायच्या टेबलावर. जेवणाच्या सुट्टीत जुन्या वर्तमानपत्रांतून कॉलरी आणि बाह्या कापत बसायची. एकदा मास्तरांनी रेघांच्या कापडावर खिसे मांडले होते. ही मागून जाता जाता म्हणाली, "मास्तर, डाव्या खिशाच्या रेघा जुळणार नाहीत." म्हाताऱ्यानं चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि खडू तिच्या हातात दिला. तरी टेबल मिळेपर्यंत अकरा वर्षं गेली.

माप हा तिचा देव. गळ्यात टेप सकाळी अडकवायची ती घरी जाताना काढायची. नवरा बस चालवतो. त्याला पहिल्यांदा भेटून आली तेव्हा आम्ही सगळ्या भोवती जमलो, कसा आहे, कसा आहे. ती म्हणाली, "बरा आहे. उजवा खांदा अर्धा इंच खाली आहे." आम्ही हसून हसून गडबडा लोळायच्या बाकी राहिलो. तिला कळेना की यात हसण्यासारखं काय आहे.

मुलगी झाली आणि चार महिन्यांनी मास्तरीण कामावर परत आली. पोर सासूबाईंजवळ. सासूबाई मायाळू, पण पोर हट्टी. बाटली तोंडात घेईना, चमचा थुंकून टाकी, वाटीनं पाजायला गेलं तर ओठ शिवल्यासारखे मिटून घेई. आई सकाळी पाजून निघे ती संध्याकाळी परत येईपर्यंत पोर जवळपास उपाशी. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी दोनदा वजन केलं, काटा तिथल्या तिथे. त्या म्हणाल्या, "पुढच्या खेपेला वजन वाढलेलं दिसलं पाहिजे. दिवसाही अंगावर पाजायची सोय करा."

सोय करायची म्हणजे एक तर घरी बसायचं, नाही तर पोर घेऊन यायचं. घरी बसली असती तर टेबल गेलंच असतं. पलीकडच्या गल्लीतला एक कटर कधीपासून डोळा ठेवून होता, आणि गेलेलं टेबल बाईला पुन्हा मिळत नाही हे तिलाही माहीत होतं, मलाही.

पोर आणू का असं तिनं विचारलं, तेव्हा मालकांनी करून बघायला एक आठवडा दिला. "शनिवारचं कापणं वेळेवर झालं पाहिजे," ते म्हणाले. "आणि पातं चालू असताना मूल टेबलाजवळ दिसलं तर मी दुसरा माणूस बघेन. बाई, राग मानू नका, पण ती जोखीम मी घेणार नाही."

त्यांचं बरोबरच होतं. आमच्याकडे आठवडाभर कापडाचे थर एकावर एक पसरायचे, वरच्या थरावर खडूनं खुणा करायच्या आणि शनिवारी विजेच्या पात्यानं सगळे थर एकदम कापायचे. ते पातं बोट आणि बाही यांत फरक करत नाही. शनिवारी सासूबाई येऊन पोर धरतील असं ठरलं.

मी मात्र नाक मुरडलं. सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाले, "हा शिवणखाना आहे की पाळणाघर? आम्हीही पोरं काढली, पण कामावर मिरवली नाहीत!"

मास्तरीण म्हणाली, "मावशी, सहा काजं करून हवी आहेत. आज मिळतील?"

सहा काजं कशाला, तर पोराला अंगावर बांधायची झोळी शिवायला. रविवारभर खपून तिनं ती शिवली. पाठीला अस्तर, खांद्यांना कापसाची गादी, कमरेला पट्टा, आणि पाजायला समोर बटणांची एक झडप. इतकं नेटकं काम मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. सोमवारी ती पोर घालून आली आणि नऊ वाजता पोर जी किंचाळायला लागली ती काही थांबेना. पाय अडकलेले, मान एकीकडे, आणि झडप उघडली तर पोराचं तोंड वीतभर वर. दुपारी दूध दाटून आल्यावर तर झोळी छातीला काचायला लागली. बाहेरच्या जिन्यावर बसून, सगळे पट्टे सोडून, पोर मोकळी करून तिनं पाजलं. त्या दिवशी टेबलावर पसरून झाले ते चारच थर.

मंगळवारी कामावर येण्याआधी ती झोळी घेऊन दवाखान्यात गेली. नर्सबाईंनी विचारलं, "माप कसं घेतलंत?"

"टेबलावर निजवून. पाय सरळ ओढून, टेप लावून."

नर्सबाई हसायला लागल्या. "अहो, ती काय पँट घालायला उभी राहणार आहे का? बाळ अंगावर बेडकासारखं बसतं. गुडघे वर, पाठ गोल. आणि तुमची छाती तरी दिवसभर एका मापाची राहते का? कापूच नका काही. पाच मीटर कापड घ्या, अखंड."

त्यांनी पलंगावरची चादर ओढून तिला बांधून दाखवलं. कापडाचा मधला भाग पोटावर, टोकं पाठीवर एकमेकांवरून फिरवून खांद्यांवरून पुढं, मग पोर आत बसवून पुन्हा मागं नेऊन गाठ. पोराचा चेहरा नेहमी दिसला पाहिजे, हनुवटीखाली दोन बोटं मावली पाहिजेत. पाजताना गाठ सैल करून पोर थोडी खाली घ्यायची, पाजून झालं की पुन्हा वर घेऊन आवळायची.

मास्तरीण परत आली ती विचारात पडलेली. कपाटात रंग बिघडलेल्या मऊ सुती कापडाचा एक तागा होता, कुठे निळा तर कुठे राखाडी. मालकांना विचारून तिनं पाच मीटर उलगडलं, टोक कापलं आणि कापडाकडे बघत उभी राहिली. हात आपोआप कात्रीकडे जात होता, तो तिनं दोनदा मागं घेतला.

"मावशी," ती म्हणाली, "न कापता, न शिवता कापड अंगावर घालायचं म्हणजे मला उघडंच वाटतं."

"मग कापून बघितलंस ना परवा," मी म्हणाले.

तिनं बांधलं. पहिल्यांदा गाठ सुटली, दुसऱ्यांदा एक खांदा लोंबला, तिसऱ्यांदा बसलं. पोर आत शिरली, गाल छातीला टेकवला आणि गप्प झाली. मास्तरीण खुणा करत टेबलाभोवती फिरायला लागली. अकराच्या सुमारास पोर तोंड घासायला लागली, तशी ही उंच स्टुलावर बसली, गाठ सैल केली, पोर खाली सरकवली, शर्टाची दोन बटणं काढली आणि कापडाचा काठ वर ओढला. बघणाऱ्याला पोराच्या डोक्याचा एक केसाळ तुकडा तेवढा दिसत होता. मशीनं चालू होती, तरी खिडकीशी बसून मला पोराचे घोट ऐकू येत होते. एका हातानं पोराला आधार देत मास्तरीण दुसऱ्या हातानं कॉलरींचे कागद लावत होती. मधेच तिचा हात थांबला आणि ती खाली बघून हसली. इतकी वर्षं बघत आले तिला, पण टेबलापाशी ती अशी हसलेली मी पाहिली नव्हती.

आता खरं सांगते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझी दोन्ही पोरं मी आईकडे ठेवून याच मशीनवर बसले होते. अकराला पान्हा फुटायचा आणि वाया जायचा. कापडाच्या चिंध्यांच्या घड्या करून मी ब्लाउजच्या आत ठेवायचे, त्या भिजल्या की न्हाणीत जाऊन पिळायचे आणि दुसऱ्या ठेवायचे. संध्याकाळी घरी जाईपर्यंत पोरं वरच्या दुधावर झोपलेली असायची. मला तेव्हा कोणी आठवडा दिला नाही. मी मागितलाही नाही, कारण असं मागता येतं हेच ठाऊक नव्हतं. माझं नाक मुरडणं एवढ्यासाठी होतं. तिला पाळणाघरावरून बोलले ती मी नव्हते, माझी जळजळ होती.

शुक्रवारी वजन झालं. काटा दीडशे ग्रॅम पुढं सरकला होता. मास्तरणीनं तो आकडा खडूनं टेबलाच्या कडेवर लिहून ठेवला, जशी ती मापं लिहून ठेवते. निम्मं काम फत्ते झालं होतं, उरला होता शनिवार.

शनिवारी सकाळी ती आली तीच उतरलेल्या चेहऱ्यानं. सासूबाईंना रात्रीपासून ताप, नवऱ्याची फेरी लांबची. पोर अंगावर, थर टेबलावर तयार, दुपारी माल शिलाईला द्यायचा. तिनं पोर पाजली, झोपवली आणि कपड्यांच्या टोपलीत अलगद ठेवली. पाठ टेकताच पोरानं डोळे उघडून भोकाड पसरलं. पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं, पुन्हा तेच. मालक दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या हातात फोन होता आणि तो कोणाला लावायचा हे सगळ्यांना कळत होतं.

मास्तरणीनं खोलीभर नजर फिरवली. शिलाईवाल्यांनी माना खाली घातल्या, त्यांनाही आपापला माल होता. नजर माझ्यावर येऊन थांबली. शर्ट शिवून होईपर्यंत काजं करायची नसतात, त्यामुळे शनिवारी सकाळी मी रिकामी असते हे तिला माहीत होतं.

"मावशी, इकडे या."

"मी? वेडी की काय! ते कापड मला कुठलं पुरायला? मला एक तरी कपडा पुरतो का इथला?"

हे मी थट्टेत म्हणाले, पण ते खरं होतं. तीस वर्षं शिवणखान्यात काढली, हजारो कपड्यांना काजं केली, पण तिथला एक कपडा मला कधी धड झाला नाही. प्रत्येकाला बगलेत तुकडा जोडावा लागायचा.

"पुरेल," ती म्हणाली. "याला माप नाही."

तिनं कापड माझ्या पोटावरून घेतलं, पाठीवर फिरवलं, खांद्यांवरून पुढं आणलं. माझ्याभोवती कापड जास्तच लागलं, तरी गाठीला हातभर टोक उरलं. मग पोर आत बसवली, गुडघे वर घेतले आणि हनुवटीखाली दोन बोटं घालून बघितली. मला म्हणाली, "खिडकीशी चालत राहा. चेहरा झाकू नका."

पोरानं माझ्या छातीवर तोंड घासून शोधाशोध केली. "नाही गं बाई," मी तिला म्हणाले, "इथलं केव्हाच आटलं. तू फार उशिरा आलीस." ती जराशी कुरकुरली, एक सुस्कारा टाकला आणि तिचं ऊबदार डोकं माझ्या गळ्याखाली जड झालं. मागं पातं सुरू झालं. मी वळून बघितलं नाही. बाहेर बघत, खिडकीपासून जिन्यापर्यंत आणि जिन्यापासून खिडकीपर्यंत चालत राहिले. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत, कारण दोन्ही हात पोराच्या पाठीवर होते.

पहिली चळत कापून झाली, तसं पातं थांबलं. मालकांनी वरची बाही उचलून कड तपासली, फोन खिशात टाकला आणि आपल्या खोलीत निघून गेले. मास्तरीण हात पुसत माझ्याकडे आली आणि गाठ सोडायला हात पुढं केला.

मी एक पाऊल मागं सरकले.

"झोपलीय ती," मी म्हणाले. "तू दुसरी चळत घे."