कासवांच्या पिल्लांसमोर माझा सत्कार

समुद्रातल्या एकाही प्राण्याने आजवर माझ्याकडे मदत मागितलेली नाही. तरीही गेल्या वर्षी मी आठ दिवसांसाठी त्यांच्या सेवेला कोकणात गेलो.

आमची लेक केतकी तिथल्या एका सागरी जीव माहिती केंद्रात नोकरीला आहे. आत काचेच्या पेट्यांत शंख-शिंपले, भिंतीवर डॉल्फिनची चित्रं आणि बाहेर वाळूत जाळीचं कुंपण घालून जपलेली कासवांची अंडी. पिल्लं बाहेर आली की ती लोकांसमोर समुद्रात सोडायची. सीझनला माणसं कमी पडतात, म्हणून तिला स्वयंसेवक हवे होते. मी दूध संघातून नुकताच रिटायर झालो होतो आणि कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या घरात बसून बायकोला भाजीत मीठ किती घालायचं ते सांगत होतो. "ने बाई ह्यास्नी," असं सुमन फोनवर लेकीला म्हणाली, ते मी स्वतःच्या कानांनी ऐकलं!

केतकीने मला टोपी दिली आणि पाच नियमांच्या बोर्डासमोर उभं केलं. दोरीच्या आत यायचं नाही, पिल्लांना हात लावायचा नाही, आवाज नाही, कचरा नाही आणि दिवा तर अजिबात नाही.

"पप्पा, पिल्लं उजेडाकडं चालतात. पाण्यावरचा उजेड बघून त्यांना समुद्र सापडतो. टॉर्च नको, फ्लॅश नको. कळलं?"

"मला काय शिकवतीस? तीस वर्सं म्हशी सांभाळल्यात की!" (मी तीस वर्षं ऑफिसात टेबलावर होतो. म्हशीशी संबंध चहापुरता.)

"आणि शनिवारी मोठ्या मॅडम येणार आहेत. केंद्र माझ्याकडं सोपवायचं का नाही, ते त्या बघून ठरवणार. तेवढा दिवस सांभाळा."

मी सांभाळलाही असता. पण त्याआधीच टोपी घातलेला माझा फोटो पेठेच्या ग्रुपवर गेला होता. (मीच टाकला होता. खाली 'सागरी जीवरक्षक' असंही मीच लिहिलं होतं.) दहाव्या मिनिटाला आमच्या तालमीचा अध्यक्ष आणि माझा बालमित्र बापू याचा फोन आला.

"विल्या, एवढं मोठं काम करतोस आणि अजून सत्कार न्हाय? पेठंची अब्रू हाय का न्हाय?"

आमच्याकडे सत्कारातून कुणी सुटत नाही. दहावी पास झालेल्याचा होतो, मोतीबिंदू काढलेल्याचा होतो. एकदा तर हार उरला म्हणून तो आणणाऱ्याचाच झाला होता.

"नको रे," मी म्हणालो. तांबड्या रश्श्याच्या दुसऱ्या वाटीला आपण ज्या आवाजात 'नको' म्हणतो, त्या आवाजात.

शनिवारी संध्याकाळी बस भरून पेठ आली! बस समुद्राकडे तोंड करून वाळूच्या कडेलाच थांबली. दोरीमागे पर्यटक शांत उभे होते, मोठ्या मॅडम वही घेऊन उभ्या होत्या, केतकीच्या हातात पिल्लांची टोपली होती. आणि बापू फेटा, शाल, नारळ घेऊन वाळू तुडवत येत होता. मागे चाळीस माणसं, त्यांत आमची सुमनही.

"पाच मिंटाचं काम हाय, मॅडम!"

मॅडम बिचाऱ्या सभ्य. हो म्हणाल्या. केतकीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तसं तिने लहानपणी एकदा जरी पाहिलं असतं, तर तिला शाळेत घालायचीसुद्धा माझी हिंमत झाली नसती!

बापूचं भाषण सुरू झालं. आमच्या दोघांच्या बालपणापासून त्याने सुरुवात केली आणि आम्ही चौथीत जाईपर्यंत सूर्य बुडाला.

"काका, आता सोडायलाच पाहिजेत," केतकी म्हणाली.

"मग सोड की! तिकडं पिल्लं, हिकडं सत्कार. कुणाला अडचण हाय?"

तिने टोपली वाळूवर आडवी केली. चौऱ्याऐंशी चिमुकली पिल्लं पाण्याकडे निघाली. नेमका त्याच वेळी माझ्या डोक्यावर फेटा चढला आणि बापूने मोबाईल डोळ्यांसमोर धरला.

"फोटू काळा यायलाय. ड्रायव्हर, मार लायटी!"

बसचे हेडलाइट लागले. टपावर गेल्या गणपतीच्या मिरवणुकीसाठी बसवलेल्या रंगीत माळाही लागल्या. किनाऱ्याचा कुस्तीचा आखाडा झाला आणि त्या झगझगाटात मधोमध जरीच्या फेट्यात मी चमकत उभा!

पिल्लं थांबली. मग सगळीच्या सगळी वळली आणि माझ्याकडे यायला लागली.

"आली, आली!" बापू ओरडला. "मुकी जनावरं सत्काराला आली! किती जीव लावलाय गड्यानं!"

टाळ्या पडल्या. खोटं कशाला सांगू? क्षणभर मलाही वाटलं, ओळखलं यांनी आपल्याला. मी चक्क हात जोडले.

"अवो, नमस्कार काय घालताय!" सुमन किंचाळली. "पाय हलवू नका!"

खाली पाहिलं, तर एक पिल्लू माझ्या कोल्हापुरी कापशी चपलेवर चढलं होतं. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. लेकीची नोकरी माझ्या फेट्यापायी चालली, हे तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात शिरलं.

केंद्रात लोकांसमोर केतकी एकदम पुस्तकी बोलते. पण त्या दिवशी तिच्या तोंडून पेठ बाहेर पडली.

"लायटी बंद करा आदी! आणि सगळ्यांनी हाय तिथं खाली बसा! जो कोण तोंड उघडंल, त्याला पिल्लांबरोबर समुद्रात सोडीन!"

लाईट गेले. चाळीस कोल्हापूरकर मटकन बसले. बापू नारळ मांडीवर घेऊन ओल्या वाळूत बसला. मला मात्र बसायची सोय नव्हती, पायांभोवती पिल्लं! अर्धा तास मी फेटा-शालीसकट पुतळ्यासारखा उभा. हळूहळू डोळे सरावले, तेव्हा दिसलं, की पाणी अजून थोडं उजळ होतं. एक पिल्लू वळलं, मग दुसरं, मग सगळी. माझ्या चपलेवरचं सगळ्यात शेवटी उतरलं. ते लाटेत गेलं तेव्हा मला लाज वाटली आणि लेकीचा अभिमानही वाटला.

मी मॅडमपुढे गेलो. "चूक माझी हाय. पोरीची न्हाय."

"चाळीस कोल्हापूरकर अर्धा तास गप्प बसवले हिने," मॅडम वही मिटत म्हणाल्या. "कासवं काय, ही देवमासेसुद्धा सांभाळेल."

केंद्र केतकीला मिळालं. माझे आठ दिवस मात्र सहाव्या दिवशीच संपले आणि त्याच बसने मला परत आणण्यात आलं.

महिन्याभराने तिने बोर्डाचा फोटो पाठवला. पाच नियमांखाली ताज्या रंगात सहावा नियम होता : 'किनाऱ्यावर कोणाचाही सत्कार करू नये.'

तो फोटो बघून बापूला भरून आलं. "विल्या, तुझ्यामुळं सरळ नियम झाला की रं! ह्याचा तर सत्कार पायजेच!"

"नको रे," मी म्हणालो. आवाज तोच, तांबड्या रश्श्याचा.