मामाजींचा युरिया आणि माझे मिरचीचे ट्रे

मागच्या आठवड्यात दारव्ह्याजवळच्या आमच्या शेडनेटमध्ये एक निकाल लागला. कोर्टाचा नाही हो... मिरचीच्या रोपांचा. आणि तो भर गिऱ्हाइकासमोर जाहीर केला खुद्द माझ्या सासऱ्यांनी.

बोंडअळीने आमच्याकडच्या कापसाचं काय केलं, ते इथे कुणाला नव्याने सांगायला नको. तेव्हाच मी ठरवलं, रोपवाटिका टाकायची. ट्रेमध्ये माती नाही, कोकोपीट... म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. त्यात मिरचीची रोपं.

पहिली मोठी ऑर्डर पलीकडच्या तांड्यावरच्या यमुनाबाईंची. यंदा कापूस नाही, मिरचीच, असं त्यांनी घरच्यांशी भांडून ठरवलं होतं. रोपं बिघडली तर त्या परत सरकीच लावणार, आणि तांड्यावरून दुसरं कुणी माझ्या दारात येणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

आणि नेमकी त्यांचीच रोपं पिवळी पडली...

मामाजी, म्हणजे माझे सासरे, चहाचा कप घेऊनच शेडनेटमध्ये आले. "युरिया टाक न चिमूटभर! जनमभर कपाशीले तेच देल्लं, हे मिरची का आभायातून पडली?" आमच्याकडे पीक पिवळं दिसलं की हात आपोआप युरियाच्या गोणीकडे जातो. पाऊस उघडला की कपाशीच्या बुडाशी मूठमूठ युरिया... मीही लग्न झाल्यापासून तेच केलंय.

पण या वेळी मी अडून बसले. युरियातला नत्र रोपाला जसाच्या तसा फारसा घेता येत नाही. मातीतले सूक्ष्मजीव तो आधी बदलून देतात, आणि नव्या कोकोपीटमध्ये ही मंडळी नावालाच असतात. शिवाय काथ्या कॅल्शियम स्वतःच धरून बसतो. म्हणून मला कॅल्शियम नायट्रेट द्यायचं होतं... नत्रही तयार, कॅल्शियमही सोबत.

मामाजींनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "मंग तुह्या ट्रेले तुहं, माह्या ट्रेले माहं. पाहू."

दाराजवळचे थोडे ट्रे त्यांना दिले आणि मीही जिद्दीला पेटले. रोज सकाळी माझी झारी वेगळी, त्यांची वेगळी. सुरुवातीला दोन्हीकडे सारखंच पिवळं... पण मी खत बदललं नाही.

मग माझ्या ट्रेमध्ये शेंड्याचं पान हिरवं निघालं. मामाजींच्या रोपांच्या पानांच्या कडा मात्र करपल्या, पानं वळली. कमी पडला असेल म्हणून त्यांनी गुपचूप आणखी युरिया दिला, हे मला गोणीच्या सुटलेल्या तोंडावरून कळलं.

यमुनाबाई रोपं न्यायला आल्या आणि थेट दाराजवळच्या ट्रेपाशीच थांबल्या. त्यांचा चेहरा उतरला. मला काय करावं सुचेना... सासऱ्यांचं नाव घ्यावं तर परक्या माणसासमोर त्यांचा अपमान, गप्प बसावं तर गिऱ्हाईक गेलंच.

तेवढ्यात मामाजी पुढे आले. आपल्या ट्रेमधलं एक रोप त्यांनी उपसलं... मुळं तपकिरी, लिबलिबीत. मग माझ्या ट्रेमधलं काढलं. पांढऱ्याशुभ्र मुळांनी भुसा घट्ट धरलेला, कणही सांडला नाही.

"यमुना, हे माह्या हातचं हाय. हे नोको नेऊ. सुनबाईचं ने."

यमुनाबाई हसल्या. "काहून भाऊ, तुमी तं युरियाशिवाय आयकतच नाही!"

"मातीत अजूनही नाही आयकत," मामाजी म्हणाले. "पण हे माती नाही न."

ऑटोत ट्रे चढवायलाही तेच सगळ्यात पुढे. यमुनाबाईंची मिरची आता शेतात लागली आहे. मामाजींनी आपली आजारी रोपं घरामागच्या मातीत लावलीत, आणि त्यांना तिथे युरिया मिळणार आहे... मिळू दे, तिथे त्यांचं राज्य.

काल नव्या ट्रेंना पहिलं खत द्यायचं होतं. मी पोचले तर मामाजी झारीत नुसतं पाणी भरून उभे. अर्धं गाव ज्यांना विचारून खत टाकतं, त्यांनी मला विचारलं, "सांग, काय टाकू?"

मी खत सांगितलं आणि त्यांनी तेच झारीत कालवलं. मामाजी फेसबुकवर नाहीत, म्हणून इथे मोकळेपणाने लिहिते... मामाजी, त्या एका प्रश्नासाठी मनापासून आभार.