चेहरा घरी दाखवा

‘चेहरा घरी दाखवा, बाबूजी. इथं पास.’

खडकीच्या आमच्या लष्करी डेपोच्या फाटकावर नऊ वर्षं रोज सकाळी हे ऐकलं. मी तिथला कारकून. म्हणणारे हवालदार लष्करी पोलिसांतले, साताऱ्याकडचे. लाल टोपी, पांढरा पट्टा, हसण्याशी वैर. मी मुद्दाम मागितल्याशिवाय पास काढत नसे.

लष्करी पोलीस म्हणजे जवानांवर नजर ठेवणारे जवान, हे तुम्हाला ठाऊक असेलच. वाहतूक, पास, गणवेशाची शिस्त आणि रजा संपूनही न परतलेल्यांना शोधून आणणं, ही त्यांची कामं. एकदा एका साहेबांच्या पत्नीची गाडी हवालदारांनी परत पाठवली. बाईंनी नवऱ्याचा हुद्दा ऐकवला. ‘हुद्दा त्यांचा. पास तुमचा दाखवा.’ आम्ही कारकून आठवडाभर खूश होतो.

मग माझा धाकटा भाऊ रजेवर घरी आला. तोही जवान. बायकोच्या आजारपणात रजा संपली, वर अकरा दिवस गेले आणि परत जायची त्याला भीती वाटू लागली. तो मागच्या खोलीत दार लावून बसे. जिन्यात बूट वाजले की मी त्या दाराला बाहेरून कडी घाली.

एका सकाळी हवालदारांनी मला बाजूला घेतलं. ‘नऊ वर्षांत मागितल्याबिगर पास काढला नाही तुम्ही. चार दिवस झाले, लांबूनच हातात धरून येताय. घरात कोण हाय?’

खोटं बोलायचं ठरवलं होतं, ते जमलं नाही.

‘न परतलेल्यांच्या यादीत तुमच्या आडनावाचा जवान हाय. त्याला आणायला दोन वाजता गाडी निघंल. आम्ही आणला तर पकडला म्हणून लिहितो. स्वतः आला तर तसं लिहितो. लई फरक पडतो, बाबूजी.’

दुपारी दोनच्या आधी स्कूटरवर मागे भाऊ गणवेशात बसला होता. फाटक दिसताच म्हणाला, ‘दादा, वळव.’ मलाही वळवावंसं वाटत होतं. मी वळवली नाही.

‘कसा आलास?’ हवालदारांनी विचारलं. मी तोंड उघडलं.

‘तुम्हाला नाही विचारलं.’

भावानं टोपी सरळ केली. आत गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

‘स्वतः आलो, हवालदारसाहेब,’ भाऊ म्हणाला.

त्यांनी घड्याळ पाहिलं आणि वहीत वेळ लिहिली.

भाऊ शिक्षा भोगून पलटणीत परतला. पुढे हवालदारांची बदली झाली. त्यांचे आभार मानायचं धाडस मला शेवटपर्यंत झालं नाही, याचं वाईट वाटतं. आता फाटकावरचा नवा जवान मला ओळखतो, लांबूनच हात हलवून ‘जा’ म्हणतो. मी थांबतो, पास काढतो आणि त्याच्यासमोर धरतो.