नाक वर केलं की इंजिन बंद

होणाऱ्या जावयाने माझं विमान सात वेळा पाडलं, म्हणून मी मुलीचं लग्न मोडायला निघालो होतो.

विमान कॉम्प्युटरवरच्या गेममधलं होतं, हे आधीच सांगून टाकतो. लोहाऱ्यात माझं ट्रॅक्टर-थ्रेशर दुरुस्तीचं गॅरेज आहे. मला इंजिनातलं कळत नाही असं म्हणणारा यवतमाळात अजून जन्मायचा आहे! सोनलचा साखरपुडा झाला आणि तिच्या पांढरकवड्याच्या निखिलने मला हा नाद लावला. विमान आपणच जोडायचं, जेट इंजिन बसवायचं, आणि फोन चालू ठेवून दोघांनी आपापल्या घरून शर्यत लावायची. चाळीस हजार फुटांवर आधी पोचेल तो जिंकला.

दर रविवारी तेच. फोनवर गोड आवाज यायचा, "मामाजी, आता नाक वर करा." मी नाक वर केलं की इंजिन बंद! विमान खाली! एकदा झालं तर समजू शकतो. सात वेळा?

"पोट्टं लबाड हाय!" मी घरात जाहीर केलं. "तिकडून कायतरी बटन दाबते."

"अन् असं करून त्याले काय भेटन?" आमची ही म्हणाली.

"जो सासऱ्याले गेममधी फसवते, तो उद्या पोरीले नाई फसवनार काय? लग्नाची तारीख काढू नका!"

"गेमपायी पोरीचं लग्न मोडता?" हिने कपाळावर हात मारला. सोनल त्या दिवशी जेवली नाही. मलाही फार वाईट वाटलं, पण संशय काही जाईना.

शेवटी मी निखिललाच लॅपटॉपसकट घरी बोलावलं आणि शेजारी बसवलं. "हात टेबलावर! मले दिसले पाह्यजे!" बिचारा शाळेतल्यासारखा हात पसरून बसला. मी विमान उडवलं. नाक वर केलं. इंजिन बंद!

आता सोनल उठली. तिने माझं विमान स्क्रीनवर फिरवून पाहिलं. "बाबा, इंजिनाचं हवा घ्याचं तोंड पाठीवर काहून बसवलं? अन् एवढुसं?"

"कुटार जाऊ नये म्हनून!" (तीस वर्षं मी ट्रॅक्टरच्या एअर फिल्टरमधून सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, झटकतोय. अनुभव आहे!)

"आभायात कोन सोयाबीन काढून राह्यलं, बाबा? नाक वर केलं का विमानाचं अंगच हवेच्या आड येते. इंजिनाले हवा भेटत नाई, मंग ते बंद पडते!"

निखिल खोकला. (हसू दाबत होता, मला नक्की माहीत आहे.)

सोनलने इंजिनाचं ते तोंड मोठं करून विमानाच्या पोटाखाली बसवलं आणि शर्यत पुन्हा लागली. या वेळी नाक वर केलं तरी इंजिन धडधडत राहिलं! तीस हजार, पस्तीस हजार, चाळीस! मी पहिला! निखिलचं विमान एकोणचाळीस हजारांवरच गळपटलं.

मी आनंदाने उडी मारली आणि सहज त्याच्या लॅपटॉपकडे पाहिलं. त्याच्या इंजिनाला काहीही झालेलं नव्हतं. पठ्ठ्याने एका बोटाने इंजिनाचा जोर शून्यावर आणून ठेवला होता!

"जावईबापू, मुद्दाम हरले काय?" मी त्याच्या कानात विचारलं.

"नाई मामाजी! तुमचं विमानच जबरदस्त हाय," तो जमिनीकडे पाहत म्हणाला.

म्हणजे माझा संशय खरा होता! मुलगा लबाडच, आणि पुरावा डोळ्यांसमोर! पण तो सगळ्यांना दाखवायचा, तर जिंकलेली शर्यत परत द्यावी लागली असती. मी हळूच त्याचा लॅपटॉप मिटला आणि हिला म्हणालो, "चांगली जवळची तारीख काढा. पोरगा लाखात एक हाय!"