अंबाड्यासकट कोलांटी

डोक्यावर मोठा अंबाडा, त्यात ओंजळभर आकडे, वर अबोलीचा गजरा, असा सगळा थाट करून मी एकदा मुलाच्या रोडपालीच्या घरी, भर हॉलमध्ये, कोलांटी मारली. वेड्या बाईनेसुद्धा आधी आकडे काढले असते. पण तेव्हा मी त्रेसष्टीची होते, म्हणजे अगदीच पोरसवदा, आणि त्या वयात आपल्याला सगळं कळतं असं वाटतं. आज बहात्तरीतून त्या बाईकडे बघते तेव्हा तिचा कान धरावासा वाटतो.

कोलांटीची वेळ का आली ते सांगते. यजमान गेल्यापासून मी पनवेलच्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात एकटीच राहत होते. खाली उतरलं की बाजार, खिडकीतून हाक मारली की कोथिंबीर वर. मला काही कमी नव्हतं. एका सकाळी तांदूळ धुतलेलं पाणी फरशीवर सांडलं, पाय घसरला आणि मी बदकन खाली बसले, तिथून आडवी झाले. लागलं काहीच नाही, पण उठता येईना. उताण्या झुरळासारखे हातपाय नुसते हलवत होते. बाहेरून शेजारीण दार ठोठावतेय, मी आतून "आले गं, आले" म्हणतेय, आणि येत काही नाहीये.

शेवटी तिने मुलाला फोन केला. दाराची कडी उखडून तो आत शिरला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. आणि मी महामाया त्याला काय म्हणाले असेन? "चप्पल बाहेर काढ, फरशी ओली आहे."

काखेत हात घालून त्याने मला उभं केलं. फडकं घेऊन ओली फरशी पुसून काढली. मग म्हणाला, "आई, तू आमच्याकडे ये राहायला. हे घर भाड्याने देऊ. पुन्हा पडलीस आणि मी गावाला असलो तर?"

त्याचं काही चुकत नव्हतं. म्हणूनच मला जास्त राग आला.

"दिवाळीपर्यंत थांब," मी म्हटलं.

"दिवाळीने काय होणार?"

"बघशील."

काय होणार ते मलाही ठाऊक नव्हतं. मग शेजारणीकडून कळलं की कळंबोलीला एका हॉलमध्ये मुलांना जिम्नॅस्टिक शिकवतात, आणि सकाळी मोठ्या बायकांचीही बॅच असते. माझ्या डोक्यात चित्र तयार झालं: मी झोकात कोलांटी मारतेय आणि मुलगा तोंडात बोट घालून बघतोय. कोलांटी मारणाऱ्या बाईला कोण म्हातारी म्हणेल?

शिकवणारी जवळच्याच गावातली, पंचविशीची, काडीसारखी मुलगी. मला बघताच म्हणाली, "या आजी!"

"आजी कोणाला म्हणतेस? मला अजून नातवंड नाही. काकू म्हण."

"बरं काकू. बसा."

मी खुर्ची शोधू लागले.

"खुर्ची नाय काकू. खाली."

खाली बसायलाच मला दोन बायका लागल्या. आणि पुढे कितीतरी दिवस तिने मला फक्त खाली बसवलं, आडवं केलं आणि उठवलं. कुशीवर वळा, तळवा टेकवा, एक गुडघा घ्या, दुसरा पाय रोवा, उठा. पुन्हा आडव्या व्हा. मी कंटाळले.

"अगं, मी कोलांटी शिकायला आलेय, उठाबशा काढायला नाही."

"मग काकू, पडल्यावर तितंच बसून ऱ्हानार का?"

"पडणार कशाला? कोलांटी आली की पडायचा प्रश्नच नाही."

ती हसली. बाकीच्या बायकाही हसल्या. मला वाटलं, माझ्या विनोदाला हसताहेत.

दसरा उलटला तेव्हा कुठे तिने कोलांटी काढली. म्हणाली, "हनुवटीखाली लिंबू धरलाय समजा. लिंबू पडला का डोकं टेकलं, डोकं टेकलं का मान गेली. आनि काकू, उद्यापासून वेणी घाला. अंबाडा चालनार नाय, आकडे टोचतील."

वेणी घातली, लिंबू धरला. जाड मॅटवर एक दिवस छताचा पंखा माझ्या पायांमधून सरकन गेला आणि मी पलीकडे बसलेली! टाळ्या पडल्या. मी शेफारले.

दिवाळी झाली. रविवारी मुलाने जेवायला बोलावलं. सोमवारी पनवेलचं घर भाड्याने घ्यायला माणूस येणार आहे, हेही त्याने फोनवरच सांगून टाकलं. मुलाकडे पाहुणी म्हणून जायचं, तर बाई वेणी घालून कशी जाईल? घातला अंबाडा.

जेवणाआधी मी हॉलमध्ये रजई अंथरली. सुनेने टीपॉयवर कोकम सरबताचा जग आणून ठेवला होता.

"आई, काय करतेयस?" मुलगा म्हणाला.

"तू फक्त बघ."

वाकले, हात टेकले, लिंबू धरला आणि स्वतःला सोडलं. आकडे मानेत असे रुतले की मी कळवळून मान वळवली. लिंबू गेला, दिशा गेली. वळणावर कलंडलेल्या ट्रेलरसारखी मी आडवी झाले, पाय टीपॉयवर आपटला आणि सरबताचा अख्खा जग पांढऱ्या सोफ्यावर रिकामा झाला. गजरा चकलीच्या ताटलीत जाऊन पडला.

लाजेने मला तिथे पडून राहवेना. कुशीवर वळले, तळवा, गुडघा, पाय, आणि फडकं आणायला तरातरा स्वयंपाकघराकडे निघालेसुद्धा.

"बास झालं, आई!" मुलगा मागोमाग आला. "मान मोडली असती. आता मी काही ऐकणार नाही. उद्या त्या माणसाला चावी देतो."

फडकं पिळता पिळता मला रडूच आलं. माझी खिडकी गेली, माझा ओटा गेला, आणि गेलं ते सगळं माझ्याच थाटामुळे. मुलाशी भांडायलाही तोंड उरलं नव्हतं.

सून दारात उभी होती. आम्हा मायलेकरांच्या बोलण्यात ती कधी पडत नाही, माझ्यासमोर तर तिचा आवाजही चढत नाही. तिने माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं, एकदा हॉलमधल्या रजईकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे, आणि मला म्हणाली,

"अहो आई, ती कोलांटी गेली खड्ड्यात! मला आधी सांगा, आत्ता खालून उठलात त्या कोणाला धरून उठलात?"