आप्पांचं दुकान आणि माझा बस्ता

पौडातलं आमचं दुकान दोन हजार दहा साली बंद झालं तेव्हा सगळ्यांनी मॉलवर खापर फोडलं. पुण्यात मॉल निघाले, जमिनी विकून पोरांनी गाड्या घेतल्या, आता मुळशीत कापड कोण घेणार, असं जो तो सांगत होता. मी नुसती मान डोलवायची. खरं कारण मला ठाऊक होतं, आणि ते सांगायची लाज वाटायची.

आप्पा म्हणजे माझे वडील. भावांच्या वाटणीत त्यांच्या वाट्याला भाताची दोन खाचरं आली. त्यात भागेना, म्हणून सायकलच्या कॅरिअरला लुगड्या-धोतरांचं गाठोडं बांधून ते माले, रिहे असं गावोगाव फिरायचे. मग पौडात एक गाळा घेतला, मग शेजारचा. अठ्ठ्याण्णव साली तिसरा मजला चढला तेव्हा मी दहावीत होते. खाली किराणा नि भांडी, मधे कापड, वर चपला, बॅगा, खेळणी. "तिरडीचे बांबू तेवढे सोडून समदं मिळतं," असं आप्पा हसत सांगायचे. एसटीचा कंडक्टरसुद्धा "दुकानापाशी कोण उतरतंय?" म्हणून ओरडायचा. कुठलं दुकान, हे कुणी विचारत नसे.

पण दुकानाचं नाव झालं ते बस्त्यामुळे. लग्न ठरलं की दोन्हीकडची माणसं जीप भरून यायची आणि नवरीच्या शालूपासून आत्या-मावश्यांच्या मानाच्या साड्यांपर्यंत सगळं कापड एका बैठकीत घेऊन जायची. मोठी माणसं गादीवर बसून वाद घालायची. नवरीला कुणी हिंग लावून विचारत नसे. आप्पा आधी तिला आपल्या शेजारी बसवून घ्यायचे. साड्या उलगडताना त्यांचं लक्ष साडीकडे नसायचंच, तिच्या डोळ्यांकडे असायचं. नजर जिथं थबकली ती साडी ते बाजूला ठेवायचे आणि तासाभरानं सासूच्या पुढ्यात अशी टाकायचे, की सासूला वाटावं, ही आपणच शोधली. मुळशीतल्या कितीतरी बायका मनातल्या शालूत बोहल्यावर उभ्या राहिल्या त्या अशा.

मी लवळ्याला कॉलेजात गेले आणि फार शहाणी झाले. मैत्रिणी चिडवायच्या, तुमच्याकडे तांदूळ आणि शालू एकाच पिशवीत मिळतो ना? मी त्यांच्याबरोबर हसायचे आणि आतून जळायचे. पुढे माझं लग्न ठरलं ते हिंजवडीत नोकरी करणाऱ्या, मराठवाड्यातल्या मुलाशी. माणसं साधी होती. बस्त्याचं निघालं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "दुकान तर घरचंच आहे. तरी मुलीला विचारा."

सगळ्यांसमोर मी म्हणाले, "पुण्यात करूया."

आप्पांच्या हातात पोह्यांची बशी होती. ती त्यांनी खाली ठेवली. "बरं," ते म्हणाले, "पुण्याला जाऊ."

पुण्यातलं ते दुकान काचेचं होतं, गारेगार. आप्पा आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या बाजूला बसले. हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना. सेल्समन साड्या उलगडत गेला आणि आप्पा नकळत एकेकीची घडी घालू लागले, काठाला काठ जुळवून. "काका, राहू द्या, ते आमच्या मुली करतील," तो म्हणाला. आप्पांनी हात मांडीखाली घेतले. मला रडू फुटलं. सासूबाईंना वाटलं, लग्नाचं रडू आहे. थोड्या वेळानं आप्पा हळूच म्हणाले, "ती मोरपंखी पुन्हा दाखवा." माझी नजर त्याच साडीवर अडकली होती.

पहिल्या दिवाळीला माहेरी आले तर आई म्हणाली, यंदा तुळशीच्या लग्नानंतरचे बस्ते ठरलेच नाहीत. मी सवयीनं कापडाच्या मजल्यावर जाऊन उभी राहिले. रिह्याचे एक म्हातारे शेतकरी टॉवेल घ्यायला आले होते. त्यांच्या दोन्ही थोरल्या लेकींचे बस्ते आमच्याकडेच झाले होते, आणि आता धाकटीचं ठरलं होतं.

"मग, बस्त्याला कधी येताय?" आप्पांनी विचारलं.

म्हातारे चुळबुळले. "पोरगी पुण्याला चला म्हणतीया. म्या लई समजावलं. तर म्हणली, मालकांनी सोताच्या लेकीचा बस्ता पुण्यात केला, मंग आपुन हितं कशापायी?"

दुकानदार स्वतःच्या लेकीला दुसऱ्याच्या दुकानात नेतो, याचा अर्थ अख्ख्या मुळशीला कळला होता. फक्त मलाच कळला नव्हता. आता आप्पा माझ्याकडे बघतील, असं मला वाटलं. त्यांनी बघितलं नाही.

"खरं हाय तिचं," ते म्हणाले. "मीच न्हेलं हिला पुण्याला. तितला माल चांगला हाय. हितं आता तसा माल न्हाई ऱ्हायला."

स्वतःच्या मालाला नावं ठेवताना मी त्यांना जन्मात ऐकलं नव्हतं. मी हातभर अंतरावर उभी होते. हौस माझी होती, एवढंच बोलायचं होतं. तेवढ्यानं ती मुलगी आमच्याकडे आली असती की नाही, देव जाणे, पण आप्पांचा माल तरी वाईट ठरला नसता.  टॉवेल पांढरा हवा की काठाचा, एवढंच मी म्हाताऱ्यांना विचारलं.